मुरणं, कुजणं आणि घरी बसणं

माझी मुलगी दुसरीत आहे. गेल्या आठवड्यात तिला शाळेतून गृहपाठ आला: 'मेरे पिताजी' या विषयावर पाच वाक्यं. पहिली तीन तिने न विचारता लिहून टाकली. माझं नाव, मला पोहे आवडतात, मी चष्मा लावतो. चौथ्या वाक्यापाशी पेन्सिल थांबली.

"बाबा, 'मेरे पिताजी दिनभर' के आगे क्या लिखूँ?"

आमच्या घरात असंच चालतं. शाळेचा प्रश्न हिंदीत येतो आणि उत्तर मराठीत जातं. मी म्हणालो, "लिही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहेत."

"ते तर तुम्ही आहातच. दिवसभर करता काय, ते विचारलंय."

मुद्दा बरोबर होता. मी तिला नाम देत होतो आणि तिला क्रियापद हवं होतं. नेमकं तेच माझ्याकडे नव्हतं. मी म्हणालो, "उद्या सांगतो," आणि पंख्याखाली जाऊन पडलो.

या सदरात आपण दर महिन्याला एखादं क्रियापद घेऊन बसतो. या वेळचा विषय माझ्यासाठी तरी घरचाच आहे, म्हणून आधी थोडं घरचं सांगतो. मागच्या नोव्हेंबरमध्ये आमच्या कंपनीने आमची अख्खी टीम बंद केली. मी नागपुरात बीई केलं आणि त्यानंतरची बारा वर्षं पुण्यात नोकरी केली. एवढ्या वर्षांत कामाशिवाय सलग आठ दिवस कधी राहिलो नव्हतो. आता आठ महिने झाले. पुण्याचा फ्लॅट सोडला आणि आम्ही तिघं बालाघाटला आई-बाबांकडे आलो. बायकोचं काम घरून चालतं, सध्या घर तिच्या पगारावर चाललंय. आणि माझ्याबद्दल कुणी विचारलं की बाबा एकच वाक्य बोलतात: "पोरगा सध्या घरीच बसला आहे."

त्या वाक्यात खोटं काहीच नाही. तरी गोंदियाच्या एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, चार नातेवाइकांसमोर ते कानावर पडलं तेव्हा हातातला घास तोंडापर्यंत जाईना.

घरी आल्यावर मी माझ्या नेहमीच्या खोडीप्रमाणे त्या क्रियापदाच्या मागे लागलो. 'बसणे'. मराठीत बेकारीला वेगळं क्रियापद नाही, आपण 'बसतो'. धंदा बसतो, घसा बसतो, भिंत खचून बसते. पण याच क्रियापदाला दुसरी बाजूही आहे. सुतारकामात हात बसतो, संसाराची घडी बसते, नव्या गावात जम बसतो, गणित सोडवता सोडवता डोक्यात बसतं. म्हणजे बसणं हे कोसळणंही आहे आणि पक्कं होणंही. बाबांच्या वाक्यातलं बसणं यांपैकी कोणतं, हे वाक्य ऐकून सांगता येत नाही. त्यासाठी काही महिने थांबावं लागतं.

त्यात आपल्या भागाच्या बोलीने आणखी एक गंमत केली आहे. पुण्यात लोक विचारतात, "काय करतोयस?" आपल्याकडे विचारतात, "काय करून राहिला?" तुमच्यापैकी ज्यांचं बालपण भंडारा, गोंदिया, नागपूर किंवा बालाघाटच्या घरात गेलं, त्यांना हे सांगायला नको. 1956 पर्यंत बालाघाट आणि विदर्भ एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. सरहद्द आली, पण बोली सरहद्दीवर थांबली नाही. हिंदीतल्या 'कर रहा है' सारखं आपलं 'करून राहिला' दोन्हीकडे चालू आहे. म्हणून पुण्याच्या माणसाला मी "घरी बसून राहिलो" म्हटलं की त्याला वाटतं हा माणूस कायमचा बसला. आमच्या आईला तेच वाक्य फक्त आत्तापुरतं वाटतं. "जेवून राहिला, येईल पाच मिनिटांत," म्हणतात तसं.

आता पोलंडकडे जाऊ, कारण हा सगळा विचार मला तिकडूनच सुचला.

जुन्या नोकरीत आमची अर्धी टीम पोलंडमध्ये होती. त्यातल्या एका सहकारी बाईशी माझी रोज दुपारी अर्धा तास मीटिंग असायची. मीटिंग दहा मिनिटांत संपायची आणि उरलेली वीस मिनिटं आम्ही एकमेकांच्या भाषेतले शब्द विचारायचो. मी वहीत लिहून ठेवत गेलो: पोलिश शब्द, त्याचा इंग्रजी अर्थ आणि शेजारी माझा मराठी. टीम बंद झाली तेव्हा ऑफिसचा लॅपटॉप परत द्यावा लागला, वही मात्र माझ्याकडे राहिली. परवा ती उघडली तर लक्षात आलं, की वहीतली निम्म्याहून जास्त क्रियापदं तीनच गोष्टींची आहेत: वाढण्याची, आंबण्याची आणि निवांत पडून राहण्याची. तिला स्वयंपाक आवडायचा आणि मला शेतीची ओढ, म्हणून असेल.

पहिलं वाढणं. पोलिशमध्ये त्याला 'रोस्नोंच' म्हणतात. मूल रोस्नोंच, झाड रोस्नोंच, बाजारभाव रोस्नोंच आणि भट्टीत जायच्या आधी पावाचं पीठही रोस्नोंच. आपण म्हणतो पीठ फुगलं, इंग्रजीत ते 'राइज' होतं, म्हणजे उठतं. इंग्रजीत सूर्य आणि पीठ दोघांना एकच क्रियापद, पोलिशमध्ये मूल आणि पीठ यांना एकच. आणि मराठीत? मराठीत सूर्य आणि बी यांना एकच. दोन्ही उगवतात. मी हे तिला मोठ्या अभिमानाने सांगितलं, तर ती म्हणाली, आमच्याकडेही सूर्याला आणि कोंबाला एकच शब्द आहे, 'फ्सहोजिच'. शेतकऱ्यांच्या दोन भाषा हजारो किलोमीटर दूर राहून तोच विचार करत होत्या.

'वाढणे' मात्र आपलं खास आहे. मुलगी वाढते आणि आई ताटात वाढते, शब्द एकच. इंग्रजीत याला दोन वेगळी क्रियापदं लागतात, पोलिशमध्येही दोन लागतात. आणखी एक गोष्ट आजी लोकांकडून ऐकली असेल: नारळ फोडला म्हणायचं नाही, नारळ वाढवला म्हणायचं. बांगडी फुटली तर ती फुटली नाही, 'वाढली'. तुटण्याचा अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून त्या जागी वाढण्याचा ठेवला. नोकरी गेली त्याला मात्र असा शब्द कुणी करून ठेवला नाही. नोकरी वाढली म्हटलं तर लोक पेढे मागतील.

दुसरं आंबणं. पोलिश माणूस कोबी आणि काकडी मिठाच्या पाण्यात आंबवून वर्षभर खातो. या क्रियेला 'किशिच' म्हणतात. आंबवलेला कोबी 'कापुस्ता किशोना', आंबवलेल्या काकड्या 'ओगूर्की किशोने'. शास्त्रीय भाषेत 'फेर्मेंतोवाच' हा शब्दही आहे. तो इंग्रजी 'फर्मेंट' चा भाऊ आहे, पण स्वयंपाकघरात चालतो तो किशिच. आंबट पदार्थाला त्यांच्याकडे 'क्फास' म्हणतात, आणि भाषांचे अभ्यासक या स्लाव्ह शब्दांचं नातं संस्कृतमधल्या 'क्वथ्' धातूशी जोडतात. क्वथ् म्हणजे उकळणं, खदखदणं. त्यावरून क्वाथ, त्यावरून आपला काढा, कढणं आणि कढी. बुडबुडे येणं ही दोन्हीकडची मूळ कल्पना. त्यांच्याकडे बुडबुडे थंड बरणीत आले, आपल्याकडे चुलीवर. घरी ताकाची कढी झाली की मला आता त्या बाईच्या कोबीची आठवण येते.

मराठीत या एका कामाला इतकी क्रियापदं आहेत की मी मोजत बसलो. पीठ आंबतं. दूध विरजतं. मोहाची फुलं पाण्यात फसफसतात. लोणचं मुरतं. आणि बिघडलं तर दूध नासतं, भाजी विटते, फळ सडतं, पालापाचोळा कुजतो. गंमत अशी की यांतलं जवळजवळ प्रत्येक क्रियापद माणसालाही लागू होतं. दिवसभर रोवणी केली की अंग आंबून जातं. कुणी नाउमेद केलं की उत्साहावर विरजण पडतं. रोज तेच ते करून मन विटतं. कुजकं बोलणारे प्रत्येक खानदानात दोन तरी असतात. आणि मुरलेला म्हणजे ज्याला आपल्या कामाची खडान्‌खडा माहिती आहे असा माणूस, मग तो गवंडी असो की राजकारणी.

तिसरं, निवांत पडून राहणं. इथे पोलिश वही फारच रंगतदार आहे. आळसात वेळ घालवणं म्हणजे 'लेन्यूहोवाच', आळशी माणसाच्या शब्दावरून. काहीही न करणं म्हणजे 'प्रूझ्नोवाच', त्याच्या मुळाशी रिकामा या अर्थाचा शब्द आहे, म्हणजे आपला रिकामटेकडा. आणि सुट्टीत मजेत लोळणं म्हणजे 'बिचिच शे'. 'बिक' म्हणजे वळू, म्हणून बिचिच शे म्हणजे वळूसारखं वागणं. हे ऐकून मी तिला पोळ्याबद्दल सांगितलं. आमच्याकडे बैलाला वर्षातून एक दिवस कामाला जुंपत नाहीत, त्याला अंघोळ घालतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळी चारतात. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे बिचिच शे करायचा सरकारी दिवस आहे!"

पण वहीतली एक ओळ वेगळी निघाली. 'वेगेतोवाच'. इंग्रजीत 'व्हेजिटेट'. याचा एक अर्थ वनस्पतीसारखं वाढणं आणि दुसरा अर्थ कसंबसं, काही न करता जगणं. दोघांचं मूळ लॅटिन, आणि तिथे त्याचा अर्थ जिवंत करणं, जोम आणणं असा होता. जोमाचा शब्द सुस्तीचा कसा झाला? झाड वाढतं तेव्हा ते आपल्याला हलताना दिसत नाही, म्हणून माणसाने ठरवलं की ते काहीच करत नाही. पुढे जो माणूस हलताना दिसेना त्यालाही तेच क्रियापद लावलं.

आणि 'किशिच' चंही तसंच झालं आहे. त्याला 'शे' जोडलं की बरणीतला कोबी आंबतो, आणि बोलण्यात तोच शब्द घरात कोंडून राहिलेल्या माणसाला लावतात. आपल्याच रसात आंबत बसणं असाही वाक्प्रचार त्यांच्याकडे आहे. एखादा गट फक्त आपापसातच बोलत राहिला, बाहेरचं वारं आत येऊ देईना, की त्याला हे म्हणतात. परराज्यातल्या आपल्यासारख्या मंडळांनी हा वाक्प्रचार भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

म्हणजे वाढणं, आंबणं आणि रिकामं पडून राहणं हे तीन वेगळे विषय नाहीत. बाहेरून पाहिलं तर तिन्ही एकसारखेच दिसतात. काहीच हलत नाही. मग ओळखायचं कसं?

याचं उत्तर मला आईने दिलं, तिला प्रश्न माहीत नसताना. जूनमध्ये आम्ही दोघांनी कैरीचं लोणचं घातलं. मी फोडी पुसत होतो आणि ती मीठ मोजत होती. इतर सगळं ती अंदाजाने टाकते, मीठ मात्र मोजून. मी विचारलं तर म्हणाली, "मीठ कमी पडलं तर मुरत नाही, सडते. तेल वर आलं पाहिजे, फोड उघडी राहिली की तिथूनच बुरशी धरते."

पोलिश सहकारी बाईने कोबीबद्दल मला शब्दशः हेच सांगितलं होतं. कोबीच्या वजनाच्या साधारण दोन-अडीच टक्के मीठ, आणि कोबी सतत पाण्याखाली दाबून ठेवायचा. मिठामुळे कुजवणारे जंतू मागे पडतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जंतू पुढे येतात. हवा लागू दिली नाही की त्यांचंच राज्य. तोच कोबी, तीच बरणी, तेवढेच दिवस. मीठ आहे तर 'किशिच', नाही तर 'ग्निच'. ग्निच म्हणजे कुजणं. बाहेरून पहिले काही दिवस फरक दिसतही नाही.

आणखी एक. घरी फळांची वाइन करणारे पोलिश लोक फसफसणाऱ्या बाटलीबद्दल म्हणतात, 'विनो प्रात्सुये', वाइन काम करतेय. कारखान्यात जाणारा माणूस आणि फळीवर ठेवलेली बाटली, दोघांना एकच क्रियापद. इंग्रजीतही यीस्ट 'वर्क' करतं. हे वाचून मला बाटलीचा हेवा वाटला. ती फळीवर बसून कामावर होती आणि मी घरी नुसता बसलो होतो.

खरं सांगायचं तर पहिले तीन महिने मी खरोखरच कुजत होतो. सकाळी नऊला उठायचं, फोन हातात, पन्नास अर्ज पाठवायचे, एकाचंही उत्तर नाही, की पुन्हा फोन. कुणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जायचं. मुलीवर ओरडायचं. मार्चमध्ये एक दिवस बायको शांतपणे म्हणाली, "तुला नोकरी नाही याचं मला काही वाटत नाही. तू घरात असून नसतोस, त्याचं वाटतं." त्या दिवसापासून मी दोन गोष्टी ठरवल्या. सकाळी सहा ते आठ डेटा इंजिनिअरिंगचा अभ्यास, फोन दुसऱ्या खोलीत. संध्याकाळी अर्धा तास मुलीबरोबर मराठी वाचन, कारण शाळेत तिला मराठी नाही. बाकी दिवस अजूनही ढिसाळच जातो. अडीच टक्के म्हणजे फार नसतं. पण मोजून टाकावं लागतं आणि रोज.

या सगळ्याची मोठी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच घडून गेली आहे, आणि तीही पोलिश माणसांची. त्या सहकारी बाईने पहिल्याच मीटिंगमध्ये मला विचारलं होतं, "तू कोल्हापूरच्या जवळचा का?" मी म्हणालो, हजारेक किलोमीटर लांबचा, पण तुला कोल्हापूर कसं माहीत? वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, असं तिने सांगितलं. ऑगस्ट 2024 मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली तेव्हा त्याची बातमी आपल्याकडेही आली होती.

त्यामागची गोष्ट अशी. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड घेतला आणि लाखो माणसांना सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलं. 1941 नंतर सुटका झाली तेव्हा त्यातले कित्येक जण इराणमार्गे बाहेर पडले. काहींना भारताने आसरा दिला. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांची छावणी उघडली. आणि 1943 मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे इथे मोठी छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बाया आणि मुलं. ती 1948 पर्यंत तिथे राहिली.

पाच वर्षं. परत जायला देश उरला होता की नाही हे ठाऊक नाही. नवरे, भाऊ कुठल्या आघाडीवर आहेत याचा पत्ता नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ती पाच हजार माणसं बराकींमध्ये नुसती बसलेली दिसली असतील. 'वेगेतोवाच' हा शब्द त्यांच्यासाठीच घडवल्यासारखा वाटला असता. पण त्यांनी तिथे पोलिश शाळा चालवल्या, चर्च चालवलं, स्काउटची पथकं काढली, नाटकं बसवली. बघा, पुन्हा तेच क्रियापद: नाटक बसवलं. पंचगंगेच्या खोऱ्यातल्या त्या छावणीत मुलं पोलिश व्याकरण शिकली, परीक्षा दिल्या, मोठी झाली. पुढे त्यांतली बरीच जण पोलंडला न जाता इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी विखुरली, आणि म्हातारपणी आपलं बालपण पाहायला कोल्हापूरला येत राहिली. छावणी रिकामी झाल्यावर तिथे फाळणीत घर गमावलेली सिंधी कुटुंबं आली. आजचं गांधीनगर ते हेच.

माझे आठ महिने आणि त्यांची पाच वर्षं यांची तुलना करायची माझी हिंमत नाही. माझ्या डोक्यावर बाबांचं छप्पर आहे आणि ताटात आईने वाढलेलं आहे. पण त्या शाळांचा विचार मी पुष्कळ वेळा करतो. उद्याचा भरवसा नसताना कुणीतरी सकाळी घंटा वाजवली, फळ्यावर तारीख लिहिली आणि मुलांकडून क्रियापदं पाठ करून घेतली. ते त्यांचं मीठ होतं.

पोलिश क्रियापदांची एक खासियत सांगायची राहिली. त्यांची बहुतेक क्रियापदं जोडीने येतात. एक चालू असलेल्या कामाचं, दुसरं पुरं झालेल्या कामाचं. वाढत असणं 'रोस्नोंच', वाढून झालं की 'उरोस्नोंच'. आंबवत असणं 'किशिच', आंबवून झालं की 'उकिशिच'. शब्दकोशात दोन्ही शेजारी शेजारी छापलेले असतात. 'वेगेतोवाच' ला मात्र असा जोडीदार नाही. निरर्थक जगणं हे पुरं होण्यासारखं कामच नाही, त्याला फक्त चालू काळ आहे. ही ओळ मी वहीत दोनदा अधोरेखित केली आहे. लोक मला विचारतात ते नेहमी जोडीतलं दुसरं क्रियापद असतं: लागली का नोकरी? झालं का काही? माझ्याकडे सध्या पहिलं आहे. ते पहिलंच आहे, बिनजोडीचं नाही, एवढं मला स्वतःला माहीत असलं तरी पुरे.

परवा बाबांबरोबर शेतावर गेलो. दोन एकर धान आहे आमचं, रोवणी नुकतीच संपली. बांधीत पाणी भरलेलं आणि त्यात पऱ्हे पिवळे पडून माना टाकलेले. मी म्हणालो, "बाबा, हे तर मेले."

बाबा धुऱ्यावर उभे राहून तंबाखू मळत होते. म्हणाले, "जागा बदलली की असंच होते. आठ-दहा दिवस मूळ धरून राहते ते. त्याला हात नाही लावायचा. पाणी तेवढं पाहायचं."

ते धानाबद्दलच बोलत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. परत येताना रस्त्यात त्यांचे जुने सोबती भेटले, विचारलं, "पोरगा काय करून राहिला?" बाबा म्हणाले, "घरीच बसला आहे सध्या." वाक्य तेच, सूरही तोच. फक्त या वेळी ते ऐकून मी रस्त्याकडे न बघता त्यांच्याकडे बघितलं आणि काकांना नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी अभ्यासाला बसलो तेव्हा टेबलावर चहा आधीच ठेवलेला होता. आई तर देवळात गेली होती.

मुलीचा गृहपाठ आम्ही त्याच दिवशी पुरा केला. चौथं वाक्य तिने स्वतःच ठरवलं: 'मेरे पिताजी सुबह खुद पढ़ते हैं और शाम को मुझे पढ़ाते हैं।' पाचवं वाक्य: 'हमारा अचार अभी मुर रहा है।' मी म्हणालो, हे तर हिंदीही नाही आणि माझ्याबद्दलही नाही. ती म्हणाली, राहू द्या. बाईंनी वही तपासली. चौथ्या वाक्याला बरोबरची खूण आहे. पाचव्यातल्या 'मुर' भोवती लाल गोल आणि शेजारी प्रश्नचिन्ह. हिंदीत हा शब्द बाईंना ओळखीचा वाटला नाही. मुलीला मी सांगितलं, हा गोल खोडू नकोस, हा आपला शब्द आहे.

एका कंपनीत मुलाखतीची तिसरी फेरी या महिनाअखेरीस आहे. लोणचं पोळ्याला उघडायचं ठरलं आहे.

मित्रमैत्रिणींनो, या वेळचा तुमचा गृहपाठ: तुमच्या घरात आंबण्याला, मुरण्याला किंवा निवांत पडण्याला एखादं खास क्रियापद असेल, आजीचं, गावाकडचं, पवारी-गोंडी-हिंदी मिसळलेलं, तर ते वाक्यासकट पाठवा. नुसता शब्द नको, तो शब्द कुणी, कुणाला आणि कधी म्हटला तेही लिहा. पुढच्या महिन्यात त्यातल्या निवडक शब्दांना घेऊन बसू. बसू म्हणजे कोणतं बसणं, ते तुम्हाला आता माहीत आहे.